विजेचा जमाखर्च

मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीसारख्या सागरकाठच्या शहरातून बदली होऊन दिल्ली, चंदीगड वा जयपूरला गेलेल्या कुटुंबाला तेथील पहिल्याच हिवाळ्यात एक नवा अनुभव येतो. दाराच्या धातूच्या कडीला हात लावताच बोटाच्या टोकाला टाचणी टोचावी तसा चटका बसतो. अंगातील लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज होतो आणि खोलीत अंधार असेल तर इवल्या निळसर ठिणग्याही दिसतात. नायलॉनच्या गालिच्यावरून चालत आलेल्या आजोबांनी नातवाचा गाल कुरवाळला, तर आजोबा आणि नातू दोघेही दचकतात. बोर्डातील वीज घरभर उतरली की काय, अशा शंकेने वायरमनला बोलावणे धाडले जाते. तो एकेक बटण तपासतो, टेस्टर लावून पाहतो आणि दोष कोठेच नाही असे सांगून निघून जातो. तो खरेच सांगत असतो.

दोष तारांमध्ये नसतोच. कोरड्या हवेत गालिच्यावरून चार पावले चालणाऱ्या माणसाच्या शरीरावर दहा हजार व्होल्टपर्यंतचा विद्युतदाब सहज निर्माण होऊ शकतो. याउलट भिंतीवरच्या बोर्डात असतात अवघे २३० व्होल्ट. मात्र दहा हजार व्होल्टने माणूस नुसता दचकतो आणि २३० व्होल्टने त्याचा प्राण जाऊ शकतो. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदींनुसार २०१८ ते २०२१ या चारही वर्षांत आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक व्यक्ती दगावल्या. हा वरकरणी दिसणारा विरोधाभास उलगडला, की घरातील विजेचे बहुतेक गणित उलगडते. बँकेच्या व्यवहाराशी परिचय असलेल्या कोणालाही हे गणित अवघड वाटू नये. कारण विजेचे शास्त्र हे मुळात चोख जमाखर्चाचेच शास्त्र आहे.

गवताची काडी ओढणारा मणी

इसवी सनापूर्वी सुमारे सहाव्या शतकात होऊन गेलेल्या थेलीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर एक निरीक्षण नोंदले गेले आहे. अंबर नावाचा पिवळसर पदार्थ, म्हणजे प्राचीन वृक्षांचा अश्मीभूत झालेला राळेसारखा चीक, लोकरीवर घासला की तो हलक्या वस्तूंना स्वतःकडे ओढून घेतो. अंबराला ग्रीक भाषेत ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत. आपल्याकडेही हा गुण अज्ञात नव्हता. संस्कृतात अंबराला ‘तृणमणी’ असे नाव आहे. तृण म्हणजे गवत ओढणारा मणी. फारसीतील ‘कहरुबा’ या शब्दाचा अर्थही ‘काडी हिरावून नेणारा’ असाच होतो. दोन निरनिराळ्या भाषांनी एका पदार्थाचे वर्णन त्याच्या एकाच करामतीवरून करावे, ही मोठी गमतीची गोष्ट होय.

इंग्लंडच्या राणीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा गुण केवळ अंबराचा नसून काच, गंधक, लाख अशा अनेक पदार्थांत आढळतो, हे दाखवून दिले. त्यानंतर जवळजवळ दीड शतकाने अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन याने या विषयाला हिशेबाची शिस्त लावली. फ्रँकलिन व्यवसायाने मुद्रक होता. घासण्याने वीज उत्पन्न होत नाही, ती फक्त एका वस्तूकडून दुसरीकडे जाते. ज्या वस्तूकडे ती अधिक झाली ती ‘धन’ आणि जिच्याकडे कमी पडली ती ‘ऋण’, अशी मांडणी त्याने १७४७ साली केली. अधिक आणि उणे ही व्यापाऱ्याच्या वहीतील चिन्हे विजेच्या शास्त्रात आली ती अशी.

कोणत्या दिशेला काय सरकते, याविषयीचा फ्रँकलिनचा अंदाज मात्र उलटा निघाला. १८९७ साली जे. जे. टॉमसन याने इलेक्ट्रॉनचा शोध लावला आणि घर्षणाच्या वेळी मुख्यतः हे ऋण भाराचे कणच जागा बदलतात हे पुढे स्पष्ट झाले. तोपर्यंत जगभरातील पुस्तकांत विद्युतप्रवाहाची दिशा धनाकडून ऋणाकडे अशी रूढ होऊन बसली होती. ती आजही तशीच दाखवली जाते. तारेतील इलेक्ट्रॉन मात्र त्याच्या विरुद्ध दिशेने जात असतात.

दुहेरी नोंदीचा नियम

प्रत्येक अणूच्या केंद्रात धन भाराचे प्रोटॉन असतात आणि त्यांच्याभोवती तितकेच ऋण भाराचे इलेक्ट्रॉन असतात. जमा आणि नावे समसमान असल्याने अणूची शिल्लक शून्य राहते. म्हणूनच टेबल, कागद, केस, भिंत या वस्तू एरवी विद्युतदृष्ट्या उदासीन असतात. दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांना चिकटून दूर झाले, की मात्र एकाच्या पृष्ठभागावरील काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे राहून जातात. घासण्याने हा संपर्क अधिक जागी आणि अधिक वेळा घडतो, एवढेच घासण्याचे काम.

केस, लोकर, नायलॉन आणि काच हे पदार्थ साधारणपणे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्यांपैकी आहेत, तर पॉलिएस्टर, पॉलिथीन, पीव्हीसी आणि रबर हे ते घेणाऱ्यांपैकी. कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा फिरवला, की केसांच्या खाती धन भार आणि कंगव्याच्या खाती तेवढाच ऋण भार पडतो. एका खात्यात नावे टाकलेली रक्कम दुसऱ्या खात्यात जमा झालीच पाहिजे, हा दुहेरी नोंदीचा नियम येथे कधीही मोडत नाही. विद्युतभार निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. त्याची फक्त अदलाबदल होते. भौतिकशास्त्रात या नियमाला विद्युतभाराच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतात आणि त्याला आजवर एकही अपवाद सापडलेला नाही.

सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात. त्यामुळे विंचरलेले केस एकमेकांपासून फटकून उभे राहतात. विजातीय भार एकमेकांना ओढतात, म्हणून तेच केस कंगव्याकडे झुकतात. पण कागदाच्या कपट्यावर तर कोणताच भार नसतो. तो का ओढला जावा? याचे कारण असे, की कंगव्याचा ऋण भार जवळ येताच कपट्यातील इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे सरकतात आणि कपट्याची कंगव्याकडील बाजू धन होते. कपट्याची एकूण शिल्लक शून्यच राहते, परंतु धन बाजू जवळ आणि ऋण बाजू दूर असल्याने ओढ वरचढ ठरते. भारांतील अंतर दुप्पट झाले की त्यांच्यातील बल एकचतुर्थांश होते, हे फ्रेंच अभियंता कूलोम याने १७८५ साली मोजून दाखवले होते. त्यामुळे एवढासा फरकही कपट्याला उडी मारायला लावतो.

मुलांना घरी दाखवण्याजोगा एक सोपा प्रयोग आहे. नळाची धार दोऱ्यासारखी बारीक होईपर्यंत तोटी बंद करावी आणि नुकताच कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा धारेजवळ आणावा. धारेला कंगव्याचा स्पर्श होऊ देऊ नये. सरळ पडणारी धार कंगव्याच्या दिशेने वाकते. हा प्रयोग थंडीच्या कोरड्या दिवसांत उत्तम साधतो, पावसाळ्यात बहुधा फसतो. आणि तो का फसतो हे समजणे हाही प्रयोगाचाच भाग आहे.

हवेतील ओलावा

पाण्याचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर असला, तर साठलेल्या भाराला निसटून जायला वाट मिळते. सागरकाठच्या दमट हवेत कपडे, लाकूड, कागद, त्वचा या सर्वांवर असा अदृश्य थर कायम असतो. भार जमतो न जमतो तोच गळून जातो. उत्तरेच्या किंवा विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात हा थर सुकतो. भार गळत नाही आणि साचत राहतो. मग माणूस धातूच्या वस्तूला हात लावतो आणि सगळी शिल्लक एका क्षणात मोकळी होते. दमट हवेच्या शहरात वर्षानुवर्षे राहूनही ज्याचा कधी अनुभव आला नाही, ते बदलीच्या गावी रोजच का घडू लागते, याचे उत्तर त्या हवेत आहे.

यावरचे उपायही त्यातूनच सुचतात. हिवाळ्यात अंगालगत सुती कपडे घालावेत, त्वचेला तेल वा मलम लावून तिचा कोरडेपणा कमी करावा, खोलीत अधूनमधून ओल्या फडक्याने फरशी पुसावी. चटका फारच त्रासदायक वाटत असेल, तर कडीला बोट लावण्यापूर्वी हातात घट्ट धरलेली किल्ली कडीला टेकवावी. ठिणगी किल्लीच्या टोकावर पडते, भार हाताच्या मोठ्या भागातून विखरून जातो आणि टोचणी जाणवत नाही.

दहा हजार मोठे की दोनशे तीस?

आता मूळ कोड्याकडे वळता येईल. व्होल्ट हे विजेच्या दाबाचे माप आहे. टाकीतील पाण्याची उंची जेवढी अधिक, तेवढा पाण्याला जोर अधिक. परंतु त्या उंचीवर टाकी भरलेली आहे की फक्त पेलाभर पाणी आहे, हे उंचीवरून कळत नाही. माणसाचे शरीर ही विजेची फारच लहान टाकी आहे. दहा हजार व्होल्टचा दाब असताना त्यावर साठलेला भार सुमारे एक कूलोमचा दहा लाखावा भाग एवढाच असतो. इलेक्ट्रॉनच्या संख्येत सांगायचे तर सहा लक्ष कोटींच्या आसपास. ही संख्या ऐकायला प्रचंड वाटते, पण विजेच्या व्यवहारात ती चिल्लर होय. ती सारी सेकंदाच्या अत्यल्प अंशात संपून जाते आणि तिच्यासोबत बाहेर पडणारी ऊर्जा असते ज्यूलचा सुमारे दोनशेवा भाग.

बोर्डातील विजेचे तसे नाही. तिच्यामागे साऱ्या देशभर पसरलेली वीजवाहिन्यांची जाळी आणि अहोरात्र फिरणारी जनित्रे उभी असतात. हे खाते कधी रिकामे होतच नाही. ओल्या हाताने, अनवाणी पायाने, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध एक हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे २३० भागिले १,००० असा साधा भागाकार केला, की शरीरातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील असे उत्तर येते. एका सेकंदात त्यातून जेवढा भार ये-जा करतो, तो दाराच्या कडीवरच्या चटक्यातील भाराच्या सुमारे दोन लाख तीस हजार पट असतो.

एक मिलिअँपिअरच्या आसपास माणसाला झिणझिण्या जाणवू लागतात. दहा मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडू म्हटले तरी सुटत नाही; ‘विजेने ओढून धरले’ असे लोक म्हणतात ते यामुळेच. तीस मिलिअँपिअरपासून पुढे, प्रवाह काही काळ चालू राहिल्यास, श्वास आणि हृदयाची लय धोक्यात येते. कोरड्या त्वचेचा रोध पन्नास हजार ओहमही असू शकतो आणि तेव्हा त्याच २३० व्होल्टने पाच मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह वाहतो. ‘मला अनेकदा शॉक बसला, काही झाले नाही’ असे अभिमानाने सांगणारी माणसे प्रत्येक घरी भेटतात. त्यांना वाचवले ते त्या दिवशीच्या कोरड्या हाताने आणि पायातील चपलेने. स्नानगृहात ही दोन्ही साधने हाताशी नसतात.

वायरमनच्या टेस्टरचे रहस्यही याच भागाकारात आहे. टेस्टरच्या पोटात सुमारे दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. त्यामुळे टेस्टरच्या मागच्या टोकावर बोट ठेवले असता शरीरातून पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. निऑनचा दिवा उजळायला तेवढा पुरतो, माणसाला मात्र तो जाणवतही नाही.

ठिणगीची नोकरी

स्थितिक विजेने माणसाची केवळ खोडीच काढली असे नाही. ती त्याच्या चाकरीतही रुजू झाली आहे. स्वयंपाकघरातील गॅसचा लायटर पाहावा. त्यात ना बॅटरी असते, ना गारगोटी. बटण दाबले की आतील लहानसा हातोडा एका विशिष्ट स्फटिकासारख्या पदार्थावर आपटतो. दाब पडताच त्या पदार्थाच्या दोन टोकांना विजातीय भार जमा होतात, हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि टोकाशी ठिणगी उडते. पिअरे आणि जाक क्युरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली शोधलेला हा गुणधर्म आज घरोघरी चहाचे आधण चढवतो.

याच ठिकाणी एक इशारा देणे अगत्याचे आहे. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला स्वयंपाकाचा गॅस पेटायला ज्यूलचा सुमारे चार हजारावा भाग एवढी ऊर्जा पुरते. नायलॉनच्या कपड्यावरून उडणाऱ्या मोठ्या ठिणगीत त्याच्या वीसपट ऊर्जा असू शकते. गॅसचा वास आला असता दिव्याचे बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. बटण बंद करतानाही त्यात ठिणगी पडते. आधी रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या-दारे उघडावीत आणि मग बाहेर जाऊन मदत मागवावी.

बँकेच्या प्रत्येक ग्राहकाला परिचित असलेली ‘झेरॉक्स’ ही देखील स्थितिक विजेचीच किमया. चेस्टर कार्लसन हा अमेरिकेत पेटंटच्या कामात गुंतलेला गृहस्थ. कागदपत्रांच्या प्रती हाताने आणि छायाचित्रांनी करून तो कंटाळला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात त्याने पहिली कोरडी प्रत काढली. यंत्रातील नळकांड्यावर आधी भार पसरवला जातो. मूळ कागदाचा जेवढा भाग पांढरा, तेवढ्या भागावरून प्रकाश परावर्तित होऊन नळकांड्यावर पडतो आणि तेथील भार गळून जातो. अक्षरांच्या जागी भार तसाच राहतो. काळी भुकटी त्या भाराला चिकटते, तेथून कागदावर ओढली जाते आणि उष्णतेने वितळून पक्की बसते. यंत्रातून बाहेर आलेली प्रत हाताला कोमट लागते, ती या शेवटच्या पायरीमुळे. कार्लसनची कल्पना वीसहून अधिक कंपन्यांनी नाकारली होती. कार्यालयांत सर्रास पोचलेले यंत्र बाजारात आले ते १९५९ साली.

तीन भोके, तीन कामे

आता तारेतील विजेकडे वळू. भारतात घरी येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची असते. म्हणजे तारेतील इलेक्ट्रॉन सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतात. ते वीजकेंद्रातून धावत धावत घरी येतात, ही समजूत खरी नाही. गीझरच्या तारेतही त्यांची सरकण्याची गती सेकंदाला एक मिलिमीटरहून कमी असते. बटण दाबताक्षणी दिवा लागतो तो एका टोकाची हालचाल दुसऱ्या टोकाला जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने कळते म्हणून. पाण्याने आधीच भरलेल्या नळीच्या एका टोकाला दाब दिला, की दुसऱ्या टोकातून पाणी लगेच बाहेर येते, तसेच हे.

वीजदेयकातील ‘युनिट’ म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले असता खर्च होणारी ऊर्जा. दोन हजार वॅटचा गीझर पाव तास चालला, की अर्धे युनिट खर्ची पडते. तेवढ्याच अर्ध्या युनिटात नऊ वॅटचा एलईडी दिवा सुमारे पंचावन्न तास जळतो. वीज वाचवायची असेल तर प्रथम दिव्याकडे नव्हे, तर उष्णता देणाऱ्या उपकरणांकडे पाहावे, एवढा बोध या दोन ओळींच्या हिशेबातून मिळतो.

भिंतीवरच्या सॉकेटात तीन भोके असतात. एक फेजचे, दुसरे न्यूट्रलचे. प्रवाह एकातून येतो, उपकरणात काम करतो आणि दुसऱ्यातून परत जातो. तिसरे, वरचे मोठे भोक अर्थिंगचे. उपकरण धडधाकट असताना या तिसऱ्या वाटेने काहीच वाहत नाही. एखाद्या दिवशी आतील फेजच्या तारेचे वेष्टन झिजून ती धुलाईयंत्राच्या वा फ्रिजच्या धातूच्या अंगाला टेकते, त्या दिवसासाठी ही वाट राखून ठेवलेली असते. प्लगची अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते ती हेतुपूर्वक. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. ती जाड असते, म्हणजे चुकूनही फेजच्या भोकात शिरत नाही. तीन पिनांची तार तोडून दोन पिनांच्या प्लगला जोडणे हे घरोघरी सर्रास चालते. उपकरण तसेही चालते, म्हणून कोणालाच त्यात काही वावगे वाटत नाही. विम्याचा हप्ता चुकवल्यावरही दैनंदिन आयुष्य तसेच चालत राहते. फरक कळतो तो एकाच दिवशी.

ताळा न जुळल्यास

बहुतेक घरांत जुन्या वितळतारेच्या जागी आता एमसीबी बसवलेली असते. ती असली म्हणजे शॉकची भीती नाही, असा गैरसमज फार पसरलेला आहे. एमसीबीचे काम तारांना जास्त भारामुळे जळण्यापासून वाचवणे हे आहे. सहा अँपिअरची लहान एमसीबी घेतली, तरी ती सहा अँपिअरपर्यंत निमूटपणे प्रवाह जाऊ देते. माणसाचा प्राण घेणारा २३० मिलिअँपिअरचा प्रवाह त्याच्या सव्वीसाव्या भागाएवढा. एमसीबीच्या दृष्टीने घरात एक दिवा लागला, इतकेच.

अर्थिंग चांगली असेल, तर एमसीबी अप्रत्यक्षपणे रक्षण करते. फेजची तार गीझरच्या अंगाला टेकली आणि जमिनीपर्यंतच्या वाटेचा रोध एक ओहम असला, तर २३० अँपिअरचा लोंढा वाहतो आणि एमसीबी तत्काळ पडते. परंतु अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिला, उन्हाळ्यात माती भेगाळली, तार गंजली, तर हाच रोध पन्नास ओहमवर जाऊ शकतो. मग वाहतो फक्त ४.६ अँपिअरचा प्रवाह. सोळा अँपिअरची एमसीबी ढिम्म हलत नाही आणि गीझरच्या अंगावर, नळातून येणाऱ्या पाण्यापर्यंत, जवळजवळ संपूर्ण २३० व्होल्ट तसेच उभे राहतात. जुन्या पद्धतीत अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरत आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत. माती ओली आणि वाहक राहावी हाच त्यामागचा उद्देश होता.

येथेच आरसीसीबी नावाचे उपकरण कामाला येते आणि त्याची कार्यपद्धती रोखपालाला तरी समजावून सांगण्याची गरज नाही. फेजमधून जेवढा प्रवाह आत गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. आलेला आणि गेलेला प्रवाह सारखाच असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ किरखॉफ याने १८४५ साली मांडलेले तत्त्व. आरसीसीबीमध्ये या दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह समान असला, की दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना छेदतात आणि कडे शांत राहते. परतीच्या प्रवाहात तूट आली, याचा अर्थ काही प्रवाह भलत्याच वाटेने जमिनीत जात आहे. आणि ती वाट कदाचित एखाद्या माणसाचे शरीर असेल. घरगुती आरसीसीबी तीस मिलिअँपिअरच्या तुटीवर, सेकंदाच्या लहानशा अंशात सर्व पुरवठा तोडते. दिवसअखेर रोकड जुळली नाही तर रोखपाल तिजोरी बंद करत नाही, फरक शोधत बसतो. आरसीसीबी आधी तिजोरी बंद करते आणि फरक शोधण्याचे काम माणसावर सोपवते.

या उपकरणालाही मर्यादा आहे. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली आणि पाय जमिनीपासून अलग असले, तर आत-बाहेरचा हिशेब जुळलेलाच राहतो आणि आरसीसीबीला काहीच कळत नाही. त्यामुळे ते उपकरण सावधगिरीची जागा घेऊ शकत नाही. तरीही नवे घर घेताना फरशी आणि रंग यांची जेवढी चौकशी होते, तिच्या निम्म्याने जरी आरसीसीबी आणि अर्थिंगची झाली, तरी पुष्कळ घरे अधिक सुरक्षित होतील.

आकाशातील वीज

मराठी भाषेने आकाशात चमकणाऱ्या आणि तारेतून वाहणाऱ्या शक्तीला ‘वीज’ हे एकच नाव दिले आहे. इंग्रजीत त्यांची नावे वेगळी आणि त्या दोन एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी फ्रँकलिनला १७५२ साली वादळी ढगाखाली पतंग उडवावा लागला. हा प्रयोग किती जीवघेणा होता, याचा प्रत्यय पुढच्याच वर्षी आला. सेंट पीटर्सबर्ग येथे तशाच स्वरूपाचा प्रयोग करताना गेऑर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ वीज पडून मृत्यू पावला.

ढगात घडते तेही कंगव्यासारखेच. बर्फाचे हलके स्फटिक आणि गारेसारखे जड कण एकमेकांवर आदळतात. हलके कण बहुधा धन भार घेऊन वर जातात, जड कण ऋण भार घेऊन खाली राहतात. हा जमाखर्च असह्य झाला, की लखलखाट होतो. त्यात तीस हजार अँपिअरच्या घरातील प्रवाह वाहतो आणि वाटेतील हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट तापते. तापलेली हवा एकदम प्रसरण पावते, तोच गडगडाट. देशात २०२१ या एका वर्षात वीज पडून २,८८० व्यक्तींचा मृत्यू झाल्याची नोंद आहे.

लखलखाट आणि गडगडाट यांत जितके सेकंद जातील त्यांना तीनने भागले, की वीज किती किलोमीटरवर पडली ते समजते. अंतर तीस सेकंदांच्या आत आले, की पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा; झाडाखाली उभे राहू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप आसपासच्या परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. शेतावर काम करणाऱ्यांच्या घरी ते अवश्य असावे.

घरासाठी थोडक्यात

— घरातील मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का, ते पाहावे. नसल्यास परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावी. तिच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते की नाही, ते तपासावे.

— गीझर, धुलाईयंत्र, फ्रिज, इस्त्री आणि पाण्याचा पंप यांना तीन पिनांचाच प्लग असावा. अर्थिंगची तपासणी वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात, करून घ्यावी.

— ओल्या हाताने बटण वा प्लग हाताळू नये. फ्रिज पुसताना प्लग काढून ठेवावा. लोखंडी तारेवर कपडे वाळत घालताना ती तार विजेच्या वायरला कोठे घासत नाही ना, ते पाहावे.

— एखाद्याला विजेने धरले असल्यास त्याला हात लावू नये. प्रथम मुख्य बटण बंद करावे. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावे आणि तातडीने वैद्यकीय मदत मागवावी.

— संगणकाचे आतील भाग हाताळण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करून अंगावरील भार उतरवावा. माणसाला जाणवतही नाही एवढ्या दाबाने सूक्ष्म चिप निकामी होऊ शकते.

वीज ही मालक ओळखत नाही की पाहुणा ओळखत नाही. तिला फक्त वाट हवी असते, आणि सर्वांत सोपी वाट कोणती याचा हिशेब ती क्षणार्धात करते. ती वाट माणसाच्या अंगातून न जाता तांब्याच्या एका हिरव्या तारेतून जावी, एवढी तजवीज करणे घरातील कर्त्या माणसाच्या हाती असते. त्यासाठी येणारा खर्च फार नाही; तो घराच्या अंदाजपत्रकात सर्वांत आधी धरला जावा, इतकेच.